षष्ठी विचारू नका

झ्लातार डोंगराच्या पाठीमागे,
जिथे बस येते, पण थांबेलच असं नाही,
विदोसावा उतरली तेव्हा तिच्या पिशवीत
रेकॉर्डर होता, चार पेन्सिली,
आणि एक शब्द, जो कुणीच कधी ऐकलेला नाही.

कार्डावर त्याच्या आधी चांदणी काढलेली.
चांदणी म्हणजे, पुरावा नाही.
दहा गावांत दिलेल्या दहा नातींची नाकं बघून
आजीचं नाक कसं असेल ते ठरवावं,
तसा ठरवलेला शब्द:
*एंत्री.
शेवटचा स्वर धड इ नाही, धड उ नाही,
ओठ ताणून उ म्हणावा तसा.
अर्थ, नवऱ्याच्या भावाची बायको.
सरळ सांगायचं तर जाऊ.

आपली जाऊही त्याच घरातली.
वाटेत तिचा त गळाला, ऋ विरघळला,
य चा ज झाला, आणि ती आपल्या ओट्याशी येऊन
भाजी निवडायला बसली.
विदोसावाला हे ठाऊक नव्हतं.
तिच्या यादीत ग्रीक होती, लिथुआनियन होती,
संस्कृतपाशी कार्ड संपत होतं.

मुळात हा शब्द आई आणि लेक यांच्या पंगतीतला,
त्यांच्यासारखाच चालणारा.
मग केव्हातरी, कोणत्या शतकात देव जाणे,
त्यानं सासूचे प्रत्यय अंगावर चढवले.
स्वेक्री, स्वेक्रुवे. सासू, सासूचं.
एंत्री, एंत्रुवे.
एकटी असताना दिसत नाही,
नात्यात आली की उंबऱ्यामागून पुढे येतो तो व.
सासूच्या सासवा, जाऊच्या जावा:
आपल्याकडेही तो तिथेच उभा असतो.

पुस्तकात याला सादृश्य म्हणतात.
रुसान्दा म्हणाली, कसलं सादृश्य?
घरात चाळीस वर्षं एकच बाई बोलली
की बाकीच्या तिच्यासारख्या बोलतात.
येव्रोसिमा जाऊन एकवीस वर्षं झाली,
स्तामेना अजून तिच्यासारखंच दार आपटते.

मग एकेक विभक्ती.
येत्र्वेला दूध दिलं. दिलं.
येत्र्वेबरोबर गवत कापलं. कापलं.
आता हाक मारा.
रुसान्दानं खिडकीकडे तोंड केलं,
'येत्र्वो!'
गोठ्यातून उत्तर आलं, 'काय गं, मेलीस का?'
रेकॉर्डरचा काटा थरथरून खाली बसला.

राहिली षष्ठी.
तिथल्या भाषेत जे नसतं ते षष्ठीत उभं राहतं,
म्हणून विचारायची युक्ती सोपी.
म्हणा, घरात पीठ नाही.
म्हटलं.
मीठ नाही.
म्हटलं.
जाऊ नाही.
टेबल पुसणारा हात थांबला.
'आहे की. आत्ताच बोलली ना?'
'नुसतं म्हणायचं, आजी.'
'नुसतं म्हणून काही म्हणतात का?'

विदोसावानं चौकट रिकामी ठेवली.
तिच्या कार्डावर आणखी एक रूप होतं,
*एंत्रुवी, द्विवचन, दोघी जावा.
ते वचनच आता त्या भाषेत उरलं नाही,
आपल्याही नाही.
पण एकटी बाई कुणाची जाऊ असणार?
तिला वाटलं, हा शब्द जन्मला असेल तो द्विवचनातच,
आणि मग तिला वाटलं, हे कुठे लिहिता येणार नाही.

स्तामेना बादली घेऊन आत आली. दार आपटलं.
'काय चाललंय?'
'तू नाहीस असं म्हणायला सांगतेय ही.'
स्तामेनानं दूध ओतलं, हात पुसले,
साय बाजूला काढली.
'त्यात काय?
ही उझित्सेला दवाखान्यात होती, त्या हिवाळ्यात,
तेव्हा म्हणायचे मी रोज, धार काढताना.
नेमा येत्र्वे. नेमा येत्र्वे.
म्हणजे गाय पान्हा सोडायची.'

विदोसावानं रूप लिहिलं.
चांदणी लागली नाही.

रुसान्दा बराच वेळ फडका पिळत होती.
मग म्हणाली,
'गाईला सांगितलंस.
मला नाही सांगितलंस.'